किमान वेतन वाढलं की कामाचे तास कोण ठरवतं? (काजू कारखाने, होमस्टे, आंबा, एमआयडीसी)

पाणंद

राज्यात किमान वेतनाचा विशेष भत्ता (महागाईप्रमाणे मिळणारी वाढ) वर्षातून दोनदा बदलतो, जानेवारीत आणि जुलैत. दर वेळी वेंगुर्ला, सावंतवाडी, मालवणकडच्या काजू कारखान्यांत तीच चर्चा सुरू होते. "दर वाढला, आता बायकांना दुपारीच घरी पाठवणार." काही जण म्हणतात तसं काही होत नाही, माणसंच मिळत नाहीत तर घरी कोण पाठवेल? काही जणी तर स्वतःच म्हणतात की पाच तासांत पूर्वीएवढे सुटले तर बरंच, उरलेल्या वेळात शेत आणि घर होतं.

म्हणून प्रश्न नेमका असा आहे. दर वाढल्यावर तास कमी झाले, तर ते कोणाच्या मर्जीने झाले हे ओळखायचं कसं? कायदा काय म्हणतो, हिशोब कसा करायचा, आणि बाईच्या हातात खरोखर किती निवड असते? आकडे घालून लिहा. "मालक वाईट" किंवा "कामगार आळशी" एवढंच लिहायचं असेल तर कृपया दुसरा धागा काढा.

हजेरीवही

चांगला धागा. आधी कायद्याचा पाया घालतो, पुढे सोपं जाईल.

किमान वेतन अधिनियम १९४८ चा. त्यात कलम १५ होतं आणि ते फार कमी लोकांना ठाऊक आहे. रोजावर असलेल्या माणसाकडून पूर्ण दिवसापेक्षा कमी तास काम झालं, तरी त्याला पूर्ण दिवसाचा पगार मिळतो. अपवाद असा की त्याचीच काम करायची इच्छा नसेल तर नाही. म्हणजे तो कामावर आला आणि मालकाने काम दिलं नाही, तर दिवस मालकाच्या खात्यावर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता २०१९ लागू झाली, तिच्यात हेच कलम १० म्हणून आहे. संहितेत आणखी एक फरक आहे. पूर्वी आपला उद्योग अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीत, आहे की नाही हे पाहावं लागे, आता किमान वेतन सगळ्याच कामांना आहे. जुन्या अधिसूचनांचे दर नवे येईपर्यंत चालू राहतात.

आता हिशोब. समजा अकुशल कामगाराचा रोज ४८० रुपये आहे. (सोपा आकडा घेतलाय. प्रत्यक्ष दर परिमंडळ आणि उद्योगाप्रमाणे अधिसूचनेत पाहा. मासिक दर दिला असेल तर २६ ने भागायचा.) आठ तासांना भागलं तर तासाला ६०. जादा तासाला दुप्पट, म्हणजे १२०. दहा तास काम झालं तर ४८० अधिक २४०, एकूण ७२०.

आणि जिला मुळातच अर्धवेळ म्हणून ठेवलंय तिच्यासाठी महाराष्ट्राच्या अधिसूचनांत वेगळी रीत असते. रोजाला आठने भागायचं आणि वर १५ टक्के घालायचे. ६० चे ६९ होतात. पाच तासांचे ३४५.

इथेच मेख आहे. पूर्णवेळ बाईला दुपारी एक वाजता घरी पाठवलं तर तिला ४८० द्यायला हवेत. तीच बाई कागदावर "अर्धवेळ" असेल तर ३४५. दोघींचं काम एकच, तास एकच. १३५ रुपयांचा फरक नेमणुकीच्या कागदात आहे. तास कोणाच्या मर्जीने कमी झाले हे ओळखायचं असेल तर दर बदलण्याच्या आधी आणि नंतर तो कागद बदलला का, हे पहिलं पाहा.

भिरंड

+१. आणि बहुतेक ठिकाणी तो कागदच नसतो.

हजेरीवही

नसेल तर ते कामगाराच्या विरोधात जात नाही. कमी पगाराच्या दाव्यात पगार पूर्ण दिल्याचं सिद्ध करायची जबाबदारी संहितेने मालकावर टाकली आहे. दावा करायची मुदतही पूर्वी सहा महिने होती, आता तीन वर्षं आहे. नुकसानभरपाई थकबाकीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकते. दावा कामगार स्वतः करू शकतो, नोंदणीकृत संघटनाही करू शकते. वेतनचिठ्ठी देणं बंधनकारक आहे, ती मागून घ्या.

फणसगरा

रोजाचं झालं, पण काजूत रोज कुठे आहे? सोलणं किलोवर असतं. तिथे तास कमी होत नाहीत, उलट वाढतात, आणि ते वहीत कुठे दिसत नाहीत. ते सांगतो.

आधी काम कसं चालतं ते. बी वाफेवर उकडायची, गार करायची, कटरवर फोडायची, गर काढायचा, मग ड्रायरमध्ये साधारण ७० अंशांवर काही तास. त्याने गरातली ओल तीन टक्क्यांच्या आसपास येते आणि वरची तांबडी साल सुटते. मग सोलणं, मग निवड. २४० नंबर, ३२० नंबर म्हणजे एका पौंडात साधारण तेवढे अख्खे गर. आकडा लहान तेवढा गर मोठा आणि भाव जास्त. तुटला की पाकळी आणि तुकड्यात गेला, भाव पडला.

समजा साधारण हाताची बाई आठ तासांत १२ किलो सोलते. रोज ४५० होता तेव्हा किलोला ३७.५० लावला, जुळत होतं. रोज ४८० झाला. आता किलोला ४० व्हायला हवा. मालकाने ३७.५० च ठेवला, तर ४८० पुरे करायला तिला १२.८ किलो सोलावे लागतात. तासाला दीड किलो या वेगाने ते वरचे ८०० ग्रॅम म्हणजे ३२ मिनिटं. ही ३२ मिनिटं ती कुठून काढते? सकाळी १७ मिनिटं आधी येते, जेवण अर्ध्याऐवजी पाव तासात उरकते. वहीत आठ तासच. तासाचा दर मात्र वाढलाच नाही, आणि सहीसाठी पुढे केलेल्या कागदावर ४८० लिहिलेले असतात.

कायद्यात याचीही सोय आहे. जिथे वेळेचा किमान दर ठरलेला आहे तिथे नगावर काम असलं तरी त्या वेळेच्या दरापेक्षा कमी देता येत नाही. म्हणजे ३२ मिनिटं वर न देता, आठ तासांत कितीही किलो होवोत, ४८० च्या खाली नाही.

आठवडाबाजार

फणसगरा, आठ तासांत सहाच किलो सोलणारीलाही ४८० द्यायचे का? मग पंधरा किलो सोलणारी का झटेल? लहान कारखान्याची बाजूही धाग्यात यायला हवी. गराचा भाव आपण ठरवत नाही, आफ्रिकेतून येणाऱ्या बियांवर आणि मोठ्या बाजारावर तो ठरतो. दर वाढला म्हणून गर दहा रुपये महाग विकता येत नाही.

फणसगरा

रास्त प्रश्न. ४८० हा तळ आहे, छप्पर नाही. पंधरा किलोवालीला किलोमागे ४० ने ६०० मिळतातच, तिची ओढ जात नाही.

सहा किलोवालीचं मात्र नीट बघायला हवं, कारण बहुतेक वेळा हात मंद नसतो, माल वाईट असतो. ड्रायरमधून ट्रे लवकर काढला तर साल चिकटून राहते, सुरीने खरवडावी लागते, वेग निम्मा होतो. जास्त ठेवला तर गर खडखडीत होऊन बोटात तुटतो, मग तुकड्याची कपात सोलणारीच्या माथी. चूक भट्टीवरच्याची, पैसे सोलणारीचे. म्हणून ट्रेला नंबर आणि वेळ लावावी. पाच बायकांचा वेग एकाच दिवशी पडला तर ट्रे तपासावा, बायकांना बोलू नये. सोलायला देण्याआधी मूठभर गर घेऊन अंगठ्याने चोळायचे. साल सुटून आली पाहिजे आणि गर मोडता कामा नये. दहा सेकंदांचं काम आहे आणि अर्धे वाद त्यातच मिटतात.

किलोचा दर ठरवतानाही सगळ्यात वेगवान बाईवरून ठरवू नये. निदान आठवडाभर, मोठा आणि बारीक असा दोन्ही माल घेऊन, सगळ्यांची सरासरी काढावी. बारीक गर सोलायला किलोमागे वेळ जास्त लागतो, कारण किलोत नग जास्त. ३२० आणि ४५० नंबरला एकच दर लावला की बारीक मालाच्या दिवशी बाया गैरहजर राहतात. मग "माणसं टिकत नाहीत" असं म्हणून चालत नाही.

लाल_डबा

तासांवर बोलताय आणि एसटी विसरलात. कोकणात शिफ्ट कारखाना ठरवत नाही, गाडी ठरवते.

गाडीभाडं तासाप्रमाणे कमी होत नाही. महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, तरी स्टॉपपासून पुढे रिक्षा असतेच. समजा जाऊन येऊन ४० रुपये. आठ तासांचे ४८० तून ४४० उरले, म्हणजे तासाला ५५. पाच तासांचे ३४५ तून ३०५, तासाला ६१. कागदावर अर्धवेळ बरी दिसते. पण दुपारी एकला सुटून पुढची गाडी तीनला असेल तर ते दोन तास स्टॉपवरच जातात. सातने भागा, ४३ रुपये ५७ पैसे. अर्धवेळचे तास निवडायचे असतील तर आधी वेळापत्रक बघा.

मालवणी_मिठ्ठू

बरोबर. पाचची गाडी चुकली की सात किलोमीटर चालूक लागता. ओव्हरटाइम डबल मेळलो तरी तो रिक्षाक जाता. म्हणान बायका पाचाक उठतत, तेका कामचोरी म्हणू नये.

अर्थबोध

बाहेरच्या देशांत याचा बराच अभ्यास झालाय आणि तो वाद तासांभोवतीच फिरतो, म्हणून थोडं लिहिते.

१ एप्रिल १९९२ ला अमेरिकेतल्या न्यू जर्सीत किमान दर तासाला ४.२५ वरून ५.०५ डॉलर झाला. शेजारच्या पेनसिल्वेनियात तो तसाच राहिला. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर यांनी दोन्हीकडची ४१० फास्टफूड दुकानं वाढीच्या आधी आणि नंतर पाहिली. न्यू जर्सीत रोजगार घटलेला दिसला नाही. हा निबंध १९९४ चा, कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. मात्र त्यांनी दुकानांना विचारून माणसं मोजली होती, अर्धवेळ माणूस म्हणजे अर्धा असं धरून. प्रत्यक्ष तास मोजले नव्हते.

सिअॅटलमध्ये तास मोजले गेले. तिथे टप्प्याटप्प्याने १५ डॉलरकडे जायचं २०१४ मध्ये ठरलं. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने २०१७ मध्ये सांगितलं की दर १३ डॉलरच्या टप्प्यावर गेल्यावर कमी पगाराच्या कामांत ताशी पगार सुमारे ३ टक्के वाढला, तास सुमारे ९ टक्के घटले, आणि सरासरी महिन्याला १२५ डॉलरचं नुकसान झालं. त्याच वर्षी बर्कली विद्यापीठाच्या गटाने खानावळींचा अभ्यास केला, त्यांना रोजगारात घट दिसली नाही. पहिल्या अभ्यासावर मोठा आक्षेप असा की अनेक शाखा असलेल्या कंपन्या त्यात धरल्या नव्हत्या. पुढे २०१८ मध्ये पहिल्याच गटाने माणसागणिक माग काढला. आधीपासून कामावर असलेल्या अनुभवी लोकांचा फायदा झाला होता, नव्याने कामाला लागणाऱ्यांची वाट अरुंद झाली होती.

आपल्यासाठी यात महत्त्वाचं हे की सिअॅटलमध्ये हे कळू शकलं, कारण वॉशिंग्टन राज्यात मालकाला प्रत्येक कामगाराचे तास सरकारला कळवावे लागतात. आपल्या वहीत सगळ्यांपुढे "८" असतो. इथे दरवाढीचा परिणाम काय झाला हे छातीठोकपणे सांगणारा कशाच्या आधारावर सांगतो?

आठवडाबाजार

पण ते सिअॅटल. इथे गावात एकच कारखाना असतो.

अर्थबोध

तोच तर मुद्दा आहे. काम देणारा एकच असेल आणि बाईला दुसरीकडे जायला गाडी नसेल, तर मालक तिच्या कामाच्या किमतीपेक्षा कमी दर देऊन भागवू शकतो. पण त्या दरात त्याला माणसंही कमीच मिळतात. जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये याची मांडणी केली. तिथे किमान दर थोडा वाढवला तर रोजगार घटायच्या ऐवजी वाढूही शकतो, कारण घरी बसलेल्या बाया त्या दरात यायला तयार होतात. फार वाढवला तर मात्र घटतो. "माणसं मिळत नाहीत" आणि "दर परवडत नाही" ही दोन वाक्यं एकाच तोंडून आली, की तिथे असाच एकटा गिऱ्हाईक (काम विकत घेणारा एकच मालक) आहे का, ते तपासून पाहा.

पाणंद

अर्थबोध, हे फार उपयोगी. म्हणजे दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी पट्ट्यात गोव्याला जायची सोय आहे तिथे एक गणित, आणि आतल्या गावांत दुसरं.

कोळथरे_वारा

होय. आणि मार्च ते मे तर सगळीकडेच दुसरं गणित. आंबा सुरू झाला की तोडणी, निवड, पेटी भरणं, क्रेट उचलणं, सगळ्याला माणूस लागतो आणि उशीर चालत नाही. देठ राखून झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) काढलेला हापूस आणि खाली पडलेला हापूस यांच्या भावात जमीन-अस्मानाचं अंतर, म्हणून सराईत हाताला मागेल तो रोज मिळतो. त्या तीन महिन्यांत बागायतदाराचा दर किमान वेतनाच्या वर असतो, मग सरकारी दर काय आहे याने फरक पडत नाही. त्याच वेळी काजूची नवी बी येते, आणि कारखान्यांना माणसं टिकवायला दर चढवावा लागतो.

दर परिणाम करतो तो जून ते सप्टेंबर. आंबा नाही, पर्यटक नाही, बोटी १ जून ते ३१ जुलै बंद. भातलावणी असते, ती बरीचशी घरची किंवा पैऱ्याची (आळीपाळीने एकमेकांच्या शेतात). तेव्हा दुसरं गिऱ्हाईक नसतं. तास कापले जातात ते याच महिन्यांत. जुलैचा भत्ता नेमका याच काळात बदलतो, म्हणून लोकांना वाटतं दर वाढला म्हणून तास कमी झाले. निम्मं कारण पाऊस आणि संपत आलेला साठा असतं. खरं बघायचं तर गेल्या जुलैशी या जुलैची तुलना करा, मेशी नको.

हजेरीवही

कोळथरे_वारा यांचं शेवटचं वाक्य सोनेरी आहे. मनरेगाचा २०२५-२६ चा महाराष्ट्राचा दर ३१२ रुपये होता. काम मागून खरंच मिळालं तर तोही एक तळ ठरतो, पण आपल्याकडे पावसात मातीकाम कुठे असतं.

तांडेल_७७

मासेमारीत रोज नाही, वाटा असतो. डिझेल, बर्फ, शिधा वजा करायचा, उरलेल्यात बोट-जाळ्याचा आणि खलाशांचा वाटा. प्रमाण बंदरागणिक वेगळं. मासळी मिळाली नाही तर वाटाही नाही, तास मात्र पूर्ण. तिथे किमान दराची चर्चा फारशी पोचत नाही. निवडीचं म्हणाल तर सगळं उचलीवर. ऑगस्टच्या आधी उचल घेतली की खलाशी हंगामभर त्या बोटीला बांधला गेला, मग शेजारच्या बोटीवर कितीही चांगलं असो. दरवाढीचा फायदा ज्याला सोडून जाता येतं त्यालाच. उचल घ्यायची तर लहान घ्या आणि फेडीचा हिशोब फेरीगणिक लिहून घ्या.

निळी_खिडकी

होमस्टे आणि हॉटेलवाल्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही. तारकर्ली, गणपतीपुळे, मुरुड-हर्णै, सगळीकडे दिवस तुटका असतो. सकाळी सात ते अकरा नाश्ता-साफसफाई, मग मोकळं, संध्याकाळी सहा ते दहा स्वयंपाक-वाढप. आठ तासच झाले, पण माणूस सात ते दहा, पंधरा तास अडकलेला. दर वाढला की मधली वेळ आणखी काटेकोर कापतात.

दहा किंवा जास्त कामगारांसाठी केलेल्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामाचा पसारा, म्हणजे पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंतचा काळ, साडेदहा तासांच्या आत ठेवला होता (२०२५ च्या दुरुस्तीआधी). मधूनमधून चालणाऱ्या किंवा तातडीच्या कामाला बारापर्यंत. पंधरा कशातच बसत नाही. यावर साधा उपाय म्हणजे दोन माणसं. एक सात ते तीन, दुसरी दोन ते दहा. मधला एक तास दोघी मिळून खोल्या उरकतात, कारण पाहुणे त्याच सुमारास बदलतात. पगार दोन्ही रीतींत तासागणिक सारखाच जातो. खोल्या चारच्या वर असतील तर हे बसतं, दोन खोल्यांच्या घरगुती होमस्टेत नाही बसत.

मिरजोळे_फाटा

एमआयडीसीचं थोडक्यात. लोटे, महाड इथे ठेकेदाराची माणसं बारा तास काढतात, कारण चार जादा तासांशिवाय घर चालत नाही. दर वाढला की ठेकेदार बाराचे आठ करतो आणि तिसरी पाळी लावतो. कामगार म्हणतो नुकसान झालं. पण जादा तास खरंच दुप्पट मिळत होते का? ४८० च्या दराने बारा तासांचे ९६० व्हायला हवेत. हातात ७२० पडत असतील तर जादा तास एकेरी दरानेच दिले जात होते. अशा वेळी ओरड तास कमी झाल्याची नको, मागची थकबाकी मागायची. ठेकेदाराने दिले नाहीत तर मूळ कारखाना जबाबदार असतो.

रत्नदुर्ग_पायरी

एक बाजू राहिली. काही जणी स्वतःच तास कमी मागतात ते सरकारी योजनांच्या मर्यादेमुळे. लाडकी बहीणला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं. नवरा-बायको दोघेही ४८० रोजावर, महिन्याला २६ दिवस, म्हणजे प्रत्येकी १,४९,७६०. दोघांचे २,९९,५२०. मर्यादा ओलांडली, वर्षाचे १८,००० जातील. म्हणून ती म्हणते, पाच तासच लावा.

हजेरीवही

हा हिशोब पुरा करू. पाच तास, ६९ ने, वर्षाला १,०७,६४०. नवऱ्याचे मिळवून २,५७,४००. अजूनही वरच! तास पण गेले आणि योजना पण. चार तासांवर आणलं तर ८६,११२, मिळून २,३५,८७२, मर्यादेच्या आत. पण पगारात ६३,६४८ सोडले आणि १८,००० राखले, निव्वळ तोटा ४५,६४८. ते चार तास वर्षाला १,२४८ होतात. म्हणजे त्या चार तासांची तिची कमाई तासाला ६० नव्हे, साधारण ३६ रुपये ६० पैसे आहे. त्या वेळात घरी लहान मूल असेल, परसात भाजी होत असेल, तर चार तास सोडणं शहाणपणाचं ठरू शकतं. नसेल तर नाही. ठरवणारी ती, पण आकडा तिच्यापुढे असायला हवा.

एक मात्र कळकळीने सांगतो. मर्यादेत बसावं म्हणून मालकाला "कागदावर कमी दाखवा" असं कधीही सांगू नका. उद्या थकबाकी मागायची झाली, पीएफ काढायचा झाला, तर तोच कागद तुमच्याविरुद्ध पुढे येतो.

भिरंड

पीएफ वरून आठवलं. बऱ्याच जणी म्हणतात पगार वाढला पण हातात कमी आले. १२,४८० वर १२ टक्के म्हणजे १,४९८ कापले, हातात १०,९८२. मालकही तेवढेच घालतो हे कोणी समजावून सांगत नाही. पीएफ २० माणसांपासून लागतो, म्हणून १९ वर थांबणारे आणि एकाच आवारात दोन नावांच्या पाट्या लावणारे असतात. विभाग आणि शाखा मिळून एकच आस्थापना धरली जाते, पाटीने सुटका होत नाही. १९ वर थांबल्याने विसाव्या बाईचं काम बाकीच्यांत वाटलं जातं, हाही तासांवरचा परिणामच.

आठवडाबाजार

मी वर विरोधात लिहिलं होतं, त्यातलं एक मागे घेतो. दरवाढ हीच लहान कारखान्याची सगळ्यात मोठी अडचण नाही. सकाळी आठला बाया येतात आणि पहिला ट्रे दहाला तयार होतो, हे दोन तास रोज वाया जातात. वीस बायका, दोन तास, साठ रुपये, म्हणजे दिवसाला २,४००. दरवाढीपेक्षा ही गळती कितीतरी मोठी. ड्रायर आदल्या संध्याकाळी भरून रात्रीत उतरवला, ट्रे झाकून गार केले, तर आठला पहिला गर हातात. वीज जायची भीती असेल त्या दिवशी सोलणं आधी आणि कटिंग नंतर ठेवावं. सोलायला उजेड आणि हात पुरतो.

हवेच्या दाबाची सोलणी यंत्रं आली आहेत ती फक्त दरामुळे नव्हे, माणसं मिळत नाहीत म्हणूनही. पण त्यांना कंप्रेसर लागतो, माल एकसारखा सुकलेला लागतो, आणि न सुटलेले गर शेवटी हातानेच सोलावे लागतात. लहान कारखान्यात यंत्राने सगळ्या बाया घरी बसत नाहीत, निवडीवर आणि फेरसोलणीवर सरकतात. तिथे नवा किलोदर ठरवताना पुन्हा वेळ मोजावी, जुना लावू नये. फेरसोलणीचा गर हट्टी असतो.

पाणंद

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येते. आमच्या गटातल्या बायकांसाठी एक साधी वही करायचं ठरतंय, तिच्यात हे रकाने धरलेत: आल्याची वेळ, गेल्याची वेळ, किलो आणि नंबर, ट्रे नंबर, आणि लवकर सुटलं तर कोणी सांगितलं. शेवटच्या रकान्यात एकच अक्षर, "मी" किंवा "मा" (मालक). आणखी काय हवं?

हजेरीवही

"मा" च्या पुढे कारण लिहा. माल संपला, वीज गेली, ड्रायर बिघडला, काहीही. आणि वही रोजच्या रोज, शाईने, त्याच दिवशी भरलेली हवी. महिनाअखेर एका बैठकीत भरलेली वही लगेच ओळखू येते, सगळं अक्षर आणि शाई एकसारखी असते.

फणसगरा

मालाची जात लिहा. वेंगुर्ला ७ चा मोठा गर आणि गावठी बारीक गर यांची सरासरी एकत्र केलीत तर किलोदराच्या चर्चेत काही सिद्ध होणार नाही.

लाल_डबा

आणि घरी पोचल्याची वेळ. तो रकाना कारखान्यासाठी नाही, आगारात गाडीची वेळ बदलून मागायला लागेल. वीस बायकांच्या तीन महिन्यांच्या वेळा घेऊन गेलात तर अर्ज वाचला जातो.

पाणंद

जोडला. आम्ही १ जुलैपासून भरायला घेतो, आणि गेल्या जुलैच्या वेतनचिठ्ठ्या ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून तेव्हाचे दिवस आणि किलो उतरवून घेतो. ऑक्टोबरात आकडे इथेच टाकते.

मालवणी_मिठ्ठू

चतुर्थीचे दिवस वेगळे काढा हां. तेव्हा कारखानोच बंद, सगळ्यांच्या मर्जीन.